पायाळूची पाठ

दासगाव,
रविवार

प्रिय मुरारी,

‘प्रिय’ हा शब्द पत्राला लागतो म्हणून लिहिलाय, त्यावरून पाघळू नकोस. दीड वर्षात मी तुझ्याशी एक अक्षर बोललेली नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

तू पायाकडून जन्मलास तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पायाळू मुलाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे आंबेनळीच्या पायथ्याच्या आपल्या गावाला कुणी शिकवावं लागत नाही. भाताच्या लावणीचे दिवस आले की कंबर धरलेली माणसं आपल्या अंगणात पालथी पडायची आणि तुला कडेवर घेऊन एकेकाच्या पाठीवर तुझा पाय टेकवायचं काम माझं. बदल्यात बिस्किटांचा पुडा मिळायचा, तोही तुलाच. तुला उचलून उचलून माझी कंबर अवघडायची, ती कुणाला दिसली नाही. तिथूनच शेफारलास तू.

माझी पाठ धरली त्याला आता तीन वर्षं झाली. अंगणवाडीत तांदळाचं पोतं सरकवताना कळ आली, ती गेलीच नाही. मुलांबरोबर खाली बसले की उठायला भिंत धरावी लागायची. मलम, शेक, पट्टा, सगळं करून झालं. अशात गणपतीला मी माहेरी गेले आणि तू मुंबईहून आल्याआल्या आईने मला ओटीवर पालथं निजवलं. शेजारपाजार जमला होता, आमचे हेही खुर्चीत बसून बघत होते. तू तीनदा पाय लावलास. मी उठले आणि खरं ते सांगितलं, की दुखतंय तेवढंच दुखतंय. तुझं तोंड उतरलं. मग सगळ्यांकडे बघून तू हसत म्हणालास, “गो ताय, माझा पाय लागून पण सुटत नाय, म्हणजे दुखणं पाठीत नाय, डोक्यात हाय.”

सगळे हसले. आईसुद्धा हसली. तुझ्या पायाची अब्रू राहावी म्हणून तू माझी घालवलीस.

त्यानंतर मी कंबरेला हात लावला की सासूबाई ह्यांच्याकडे बघायच्या आणि हे पेपरात तोंड घालायचे. मग मीच हात लावायचं सोडलं. दुखणं लपवायला किती ताकद लागते ते तुला तेव्हा ठाऊक नव्हतं. झोप उडाली, जेवण नकोसं झालं, भाजी निवडताना उगाच डोळे वाहायला लागायचे. मलाच वाटायला लागलं की मी ढोंगी आहे. एक दिवस पाणी सांडलं एवढ्यावरून मी अंगणवाडीतल्या सोनालीच्या थोबाडीत मारली. चार वर्षांची पोर. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की आपण नसलेलं बरं. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी एकटीच महाडला गेले. डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, एक्स-रेचा फोटो बघितला आणि मग विचारलं, झोप लागते का, रडू येतं का, मरावंसं वाटतं का. वर म्हणाल्या, मनाच्या डॉक्टरांनाही भेटा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तूच ह्या डॉक्टरीणबाईंना फोन केला असणार, असं मनाशी म्हणून मी पर्स उचलली. त्यांनी मला दारातच थांबवलं. “तुमची पाठ खोटं बोलत नाही, वैशालीताई. पण इतके दिवस दुखलं की मन खचतं, आणि मन खचलं की तेच दुखणं दुप्पट वाटतं. दोघांनाही औषध लागतं.” पाठ धरल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला खरी मानलं. मी तिथल्या बाकावर बसून तासभर रडले.

आता सात महिने झाले. गोळ्या चालू आहेत, व्यायाम चालू आहे, दर मंगळवारी महाडला मनाच्या डॉक्टरांशी बोलून येते. पाठ अजून दुखते, पण झोप लागते. सोनाली परत माझ्या मांडीवर येऊन बसते.

हे सगळं तुला का सांगतेय? परवा तुझ्या बायकोचा, सेजलचा फोन आला होता. तिच्यावर ओरडू नकोस, नाहीतर मी मुंबईला येऊन तुझं थोबाड रंगवीन. वॉचमनच्या नोकरीत गेटवर बारा-बारा तास उभं राहून तुझी कंबर गेली, त्याला वर्ष झालं म्हणे. गावाला कळू द्यायचं नाही, कारण पायाळूचीच पाठ दुखते म्हटल्यावर लोक हसतील. जेवत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडून असतोस, आणि सोमवारी तिला म्हणालास की मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही. ते वाक्य माझ्या ओळखीचं आहे, मुरारी. तुझा पाय तुझ्या पाठीला पोचत नाही आणि पोचला तरी उपयोग नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाचा नंबर तुझ्या नावाने लावलाय. आदल्या दिवशी निघ, मी महाडच्या स्टँडवर उभी असेन. आला नाहीस तर मीच येऊन बखोट धरून आणीन, पाठ मोडली तरी. मी तुला माफ केलेलं नाही. माफी तुला माझ्यासमोर, त्याच ओटीवर, सगळ्यांदेखत मागायची आहे, आणि त्यासाठी तुला जिवंत राहावं लागेल.

अजूनही तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
ताय