तूर्तास बिअर

…नळ एकदा खोकला, नुसता फेस आला आणि बिअरचं पाचवं पिंप संपलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रग्बीचा सामना सव्वादोनला होता आणि दुकानात एकतीस ऑस्ट्रेलियन.

तात्सुओदादा, पत्र असं सुरू करत नाहीत हे मला ठाऊक आहे. आधी ऋतू यायला हवा. तर काबोसूची लिंबं पिवळी पडू लागली आहेत. सकाळचा गारवा तुमच्या गुडघ्याला बाधत नसावा. तुमची बहीण नोबुए ठीक आहे. (माझ्याशी बोलत नाही, एरवी ठीक आहे.)

तुम्ही बेप्पूहून फोनवर बजावलं होतं, ‘किओताका, ही रग्बीची माणसं आहेत, वीस पिंपं घे.’ मी हसलो होतो. (पिंपं विकणाऱ्याला सगळं जग तहानलेलं दिसतं, असंही म्हणालो होतो. तुम्ही ते विसरला असाल तर हा कंस वाचू नका.) पण माझा अंदाज वेडगळ नव्हता. आपल्याकडे गिऱ्हाईक बसतं, ओल्या रुमालाने हात पुसतं आणि यादी न बघता म्हणतं, ‘तूर्तास बिअर.’ तूर्तास, म्हणजे ग्लासाला ग्लास लागेपर्यंत. मग ते खरं प्यायला लागतं, म्हणजे आपली ओइताची, जवाची, कडक शोचू. बावीस वर्षं माझं दुकान या एका शब्दावर चाललं आहे. म्हणून पिंपं पाच घेतली आणि शोचूच्या बाटल्या साठ.

हा शब्द त्यांना कोणी शिकवला ते कळलं नाही. लाल दाढीचा एक जण दहा वाजता आत आला आणि स्वच्छ म्हणाला, ‘तूर्तास बिअर.’ मला भरून आलं. मागचे तीसही तेच म्हणाले. दुसऱ्यांदाही म्हणाले. सातव्यांदाही. मी शोचूची बाटली छातीशी धरून उभा. ते बसत नाहीत, काही खात नाहीत, मधेच गातात, आणि बिअर कुठे जाते ते मला अजून उमगलेलं नाही. शेवटी मी लाल दाढीला खुणेने विचारलं, आता पुढे काय? त्याने खरोखर विचार केला. मग म्हणाला, ‘बिअर.’

कोपऱ्यातले गोतोआजोबा म्हणाले, “किओताका, यांचं तूर्तास काही संपत नाही रे.”

“संपेल, आजोबा.”

“माझं लग्नही तूर्तासच ठरलं होतं. चौपन्न वर्षं झाली.”

दादा, दारावर पाटी आहे, ‘येथे बिअर संपणार नाही.’ बाजारपेठेच्या बैठकीत ही हमी घ्यायला कोणीच हात वर करेना, तेव्हा मी केला होता, आणि खाली सही माझी आहे. म्हणून मी नळापुढे उभा राहून कमरेत पूर्ण वाकलो आणि माफी मागितली. त्यांना तो इथला विधी वाटला. एकतीसही वाकले. कोणी आधी सरळ व्हायचं ते कोणालाच कळेना. मी वर पाहिलं तेव्हा गोतोआजोबा आपली उरलेली अर्धी बिअर लाल दाढीच्या ग्लासात ओतत होते, आणि तो ती परत त्यांच्या ग्लासात ओतत होता. मग ते सगळे गात मैदानाकडे गेले. पाटीकडे कोणी बोट दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

प्रकृतीला जपा.

आपला नम्र,
शुतो किओताका

ता. क. शोचूच्या साठपैकी साठ बाटल्या शिल्लक आहेत. गुडघ्याला चोळायला चांगली असते म्हणतात.

ता. क. २. या पत्राचा तुमच्या धंद्याशी काही संबंध नाही. फक्त खुशाली विचारायची होती.

ता. क. ३. बुधवारी वेल्सचे लोक येत आहेत. पाटी अजून दारावर आहे. वीस पिंपं पाठवा. हसल्याबद्दल क्षमा करा.

रविवार, सकाळ. पत्र टाकायला दार उघडलं तर बाहेर वीस पिंपं रचलेली. मी वाकलेलो असतानाच नोबुएने तुम्हाला फोन केला होता म्हणे. वरच्या पिंपावर तुमच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘तूर्तास वीस.’ पत्र तरीही टाकतो आहे, तिकीट लावून झालं आहे म्हणून.