कपाट, दार आणि उणे एकाचं वर्गमूळ

ती. दादा,

दोन्ही हातांनी नमस्कार. (त्यातला एक मघापर्यंत कपाटाखाली होता, आता सुटलाय.) तुमचा गुडघा बरा असेल आणि वहिनींनी तुम्हाला जिने चढायची परवानगी दिली असेल, अशी फार म्हणजे फारच आशा आहे. इकडे सर्व ठीक. फक्त तुमची बहीण झोपायच्या खोलीत आहे, मी बाहेर आहे आणि मधे दारात नवं कपाट अडकलंय. फोनही आतच राहिला, म्हणून हे पत्र सुताराच्या हाती पाठवतोय.

तुम्ही म्हणाल, दार मोजलं नव्हतं का? मोजलं होतं की! कपाट चांगलं वीतभर जास्त भरलं. तुमची बहीण म्हणाली, परत पाठवू या. पण मागच्या खेपेला जेवणानंतर तुम्ही मला उणे एकाचं वर्गमूळ समजावलं होतं ना, ते डोक्यात पक्कं बसलंय. गणितात मधेच अशी अशक्य संख्या आडवी आली तर घाबरू नये, तिला एक अक्षर द्यावं आणि पुढे जात राहावं. तिचा वर्ग झाला की ती माणसांत येते आणि शेवटी उत्तर खरंखुरं मिळतं, असं तुम्हीच म्हणालात. म्हटलं, आपलं तरी वेगळं काय आहे? कपाट बाहेर खरं, खोलीत गेल्यावरही खरं. मधे दारात घटकाभर अशक्य झालं तर बिघडलं कुठे? त्या वीतभर जादा रुंदीला अक्षर दिलं आणि ढकलायला लागलो.

शिवाय त्या संख्येनं गुणलं की काटकोनात वळतं, हेही तुम्हीच बाण काढून दाखवलं होतंत. एकदा गुणलं, कपाट वळलं. दुसऱ्यांदा गुणलं, त्याची पाठ पुढे झाली. आतून तुमची बहीण ओढत होती. तिसऱ्यांदा गुणलं आणि ते चौकटीत आडवं होऊन जे बसलं ते बसलं. चौथ्यांदा गुणलं असतं तर मूळपदावर आलं असतं, गणित चुकलेलं नाही. पण गुणायला जागा नको का? तेवढ्यात सुतार आला आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. माझी पंचाईत झाली. तोंडून निघून गेलं की आतून नीट ओढलं जात नाहीये, तिला मुळात गणितच कळत नाही. (ती वीस वर्षं शाळेत गणितच शिकवते, हे त्या क्षणी आठवलं नाही.)

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. (न्हाणीघर आतच आहे, काळजी नसावी.) कपाटावरून चहा सरकवला, कप रिकामा परत आला, शब्द काही आला नाही. उद्या सकाळी तिला मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचंय. दादा, माझा जीव टांगणीला लागलाय हो.

आपला नम्र,
बहिणीचा नवरा (सध्या तरी)

ता.क. लगेच निघा. खडू नको, करवत आणा.

ता.क. २. करवत राहू द्या. सुतार म्हणतो, कपाटाचे सगळे बोल्ट एकाच अंगाला, म्हणजे नेमके तिच्या बाजूला आहेत, आणि पाना आतच आहे. दहा मिनिटांचं काम. तिला हे पहिल्यापासून माहीत होतं.

ता.क. ३. आत्ता ती बोलली. म्हणाली, "सुतारासमोर बोललास, सुतारासमोरच मागे घे." तर दादा, माझ्या वतीनं तेवढं तुम्हीच येऊन म्हणाल का? सुतार इथे शेजारीच उभा आहे, पत्र कधी संपतंय म्हणून. मी संपवत नाहीये.