सहा लिम्फोसाइट

सर,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. नंदुरबारच्या त्या छोट्या लॅबमध्ये मी शिकायला आले, तेव्हा तुम्ही पहिलं काम दिलंत ते काचपट्टीवरच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजायचं. त्यात न्यूट्रोफिल जातीच्या किती, लिम्फोसाइट जातीच्या किती, ते वहीत लिहायचं. एका दुपारी गर्दी होती. मी साठच मोजल्या आणि उरलेलं अंदाजानं भरलं. तुम्ही तीच पट्टी पुन्हा लावून मोजलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "हा माणूस तुला कधी भेटणार नाही. त्याचं तुझ्याजवळ एवढंच आहे. तेही खोटं लिहिशील?" तोंड धुवायच्या निमित्तानं मी मागे जाऊन रडले. संध्याकाळी तुम्ही शेवेची पुडी माझ्यापुढे सरकवलीत.

मग तुम्हालाच हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यात रक्त घ्यायला मीच आले होते. रिपोर्ट घेऊन परतले, तर तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "लिम्फोसाइट किती?"

"सहा."

"परत मोजलंस?"

"तीनदा, सर."

"मग बरोबर आहे." आणि पुढे म्हणालात, "दुखतंय हृदय आणि बदलतंय रक्त. याचा अर्थ कुणीतरी लावायला पाहिजे." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. माझा रिपोर्ट फाइलमध्ये राहिला. शंभरात वीसच्या वर हवेत तिथे सहा, पण त्या सहाकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. माझ्यासकट.

आता मी सरकारी दवाखान्यात आहे. पेशी मशीन मोजतं. आमचे हृदयाचे डॉक्टर खांडबाऱ्याचे, वयानं माझ्याहून बरेच लहान. त्यांनी मला समजावलं की हृदयाचा तुकडा मरायला लागला की सगळ्या शरीरात दाह उठतो, न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं, शिवाय सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, बघायचा. हे चढते असतील तर त्या रुग्णाला धोका जास्त. "ही कुंडली नाही मॅडम," ते म्हणाले, "नजर कुणावर ठेवायची तेवढं कळतं." तुम्हाला हवा होता तो अर्थ बाहेर कुणीकुणी लावत होते, सर. आमच्यापर्यंत यायला वेळ लागला.

गेल्या महिन्यात कोरीट गावचा एक बँडवाला आला. लग्नात ट्रम्पेट वाजवता वाजवता छाती धरून खाली बसला होता. उपचार झाले, तिसऱ्या दिवशी पठ्ठ्या उठून बसला, नर्सशी थट्टा करायला लागला. त्याला अतिदक्षता विभागातून साध्या वॉर्डात हलवायचं ठरलं. खाली माझ्या टेबलावर त्याचं सकाळचं रक्त होतं. तो भागाकार आणि सीआरपी उतरायच्या ऐवजी चढले होते. मशीनवर विश्वास बसेना म्हणून मी काचपट्टी केली आणि पूर्ण शंभर मोजल्या. सात लिम्फोसाइट. मी जिना चढून वर गेले.

डॉक्टरांनी कागद पाहिला, पेशंटकडे पाहिलं. "दिसतोय तर ठणठणीत," ते म्हणाले. मग नर्सला सांगितलं, "आज हलवू नका. मॉनिटर काढायचा नाही."

दाराशी त्याची बायको उभी होती. तिनं माझा हात धरला. "ताई, रगतमा काय निंघनं? मन्हा मालक वाचतीन ना?"

"धोका शे," मी म्हटलं. "पन डॉक्टर ध्यान ठेई ऱ्हायनात."

दुपारी चारच्या सुमारास त्याचं हृदय एकाएकी भलत्याच तालात धावायला लागलं आणि तो बेशुद्ध पडला. मॉनिटर ओरडला. डॉक्टर चार पावलांवर होते. शॉक दिला, पुन्हा दिला, आणि तो परत आला. साध्या वॉर्डात असता तर कुणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला असता.

पुढे चार दिवस मी रोज त्याचं रक्त स्वतः तपासलं. लिम्फोसाइट नऊ, तेरा, एकोणीस, चोवीस. भागाकार आणि सीआरपी दोन्ही खाली आले. सोमवारी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. ट्रम्पेट कधी वाजवू, एवढंच विचारत होता.

हे पत्र लिहून झालं की टेबलाच्या खणात ठेवीन, पाठवायचं कुठे? एक मात्र सांगायचं राहिलं. रिपोर्ट आधी डॉक्टरांच्या हातात जायचा, हा नियम तुमचाच. चोवीस आले त्या दिवशी मी डॉक्टरांना ओलांडून सरळ त्या बाईकडे गेले आणि नवरा वाचल्याचं तिच्याच बोलीत सांगितलं, "धोका उतरना, माय. मालक वाचनात." डॉक्टरांना नंतर सांगितलं. आणि सर, त्याचं मला अजून वाईट वाटलेलं नाही.