डॉक्टरनं विचारलेलं नाव

संघदीपच्या मायले पुण्याहून जयभीम.

माही तब्येत मस्त आहे. हरभरा निंघाला काय? फोनवर बोलताना पोरगा बाजूलेच बसून राह्यते, म्हणून लिहून राह्यलो.

काल त्यानं मले म्हाताऱ्यायच्या डॉक्टरकडे नेलं, डोकं तपासाले. डॉक्टर म्हणे, "आजोबा, बायकोचं नाव सांगा." सुनबाईसमोर तुह्यं नाव कसं घेऊ? मी नुसता हासलो, तर त्यानं फुली मारली. मंग तीन शब्द ध्यानात ठेवाले लावले. मी दोन सांगितले. तिसरा त्यानं सांगितलाच नसन.

तवापासून नवरा-बायको कुजबुजून राह्यले. मले इथंच ठेवाचा बेत दिसते. तू पोराले खडसावून सांग, बुढा ठीक आहे म्हणून.

पण आधी मले खरं लिही, आसेगावात मी काही विसरत होतो काय?

तुह्या उत्तराची वाट पाहणारा,
माणिकराव