बग क्रमांक ४११२ आणि द्राहोमीरावहिनी

ब्र्नो, २ डिसेंबर

प्रिय लुबोर,

तुला आणि वहिनींना ओत्मारचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे, तुझा गायकवृंद आणि द्राहोमीरावहिनींची तब्येत, ही चौकशी मी उलट क्रमाने करायला हवी होती, तीही जूनमध्येच. ती का राहिली ते सांगतो.

स्वरलिपी छापायच्या आपल्या कॉम्प्युटर प्रोग्रामची, एकाचं पत्र सगळ्यांना पोचवणारी मेलिंग लिस्ट बंद करून बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, नोंदवायला वेबवरचा ट्रॅकर आणायचा, हा ठराव माझाच. (विरोधात एकच मत पडलं, ते तुझं.) पण लिस्टवर बग हरवायचे, हे तूही नाकारू नकोस. तुझंच पत्र घे. दोन पानं वहिनींच्या हातच्या आलुबुखार भरून उकडलेल्या उंड्यांवर, मग नाताळच्या जेवणासाठी जिवंत आणून बाथटबमध्ये सोडलेल्या कार्प माशाचं बारसं, आणि शेवटच्या ओळीत, ‘अरे हो, पान उलटलं की स्वर जोडणारी कमान अजूनही गायब होते.’ त्यावर चाळीस जण भांडायचे, त्यातले निम्मे माशाच्या नावावरून.

ट्रॅकरवर ती भानगड नाही. तिथे तीन चौकोन असतात. जूनमध्ये तू ते निमूटपणे भरलेस. ‘काय केलंत?’ यात लिहिलंस, द्राहोमीराला हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केलं. ‘काय व्हायला हवं होतं?’ यात, ओत्मारने हे वाचायला हवं. ‘काय झालं?’ यात, कमान गायब. आमची वेंडुला (हल्ली आलेले बग आधी तीच तपासते, पोर कामसू आहे) म्हणाली, “काका, यांनी प्रोग्रामची आवृत्तीच लिहिली नाहीये!” मी मान वर न करता म्हणालो, “मग विचार की त्यांना.” तिने विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस (दवाखान्याच्या बाकड्यावर बसून आवृत्ती कोण शोधतो?), आणि तिसाव्या दिवशी ट्रॅकरने ‘अपुरी माहिती’ म्हणून तुझा बग आपोआप बंद केला. वर तुझे आभारही मानले.

जुने, बंद झालेले बग चाळताना काल मी ते वाचलं. फार लाज वाटली, लुबोर. वेंडुला तर रडलीच, “मी त्यांना आवृत्ती विचारली हो, काका!” तिची काही चूक नाही, आणि ट्रॅकरचीही नाही. त्याने तुझा शब्द न शब्द जपून ठेवला होता. वाचायचं काम माझं होतं.

वहिनी कशा आहेत तेवढं कळव. हे पत्र मुद्दाम पोस्टाने पाठवतोय, म्हणजे ते परस्पर कोणी बंद करणार नाही.

तुझा,
ओत्मार

ता. क. – ४११२ पुन्हा उघडलाय. तीस दिवस कोणी बोललं नाही तर तो परत बंद होईल, म्हणून दर एकोणतिसाव्या दिवशी मी त्यात ‘वाट पाहतोय’ असं लिहिणार आहे.

ता. क. २ – वेंडुला म्हणते, खरं काय ते सांगून टाका. ती कमान मी बारा वर्षांपूर्वीच दुरुस्त केली होती. पाव तासाचं काम. पण नाताळच्या गाण्यांची तालीम सुरू झाली की तू तिच्यावरून मला पत्र लिहायचास, म्हणून ती दुरुस्ती मी कधी कोणाला दिलीच नाही. आज देतोय. आता तुला पत्र लिहायला कारण उरणार नाही. तरी लिही. यंदा माशाचं नाव काय ठेवणार?