साडी घेतली म्हणून व्यावसायिक

चिखली, रविवार संध्याकाळ

आज बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामांची स्पर्धा झाली. गट दोन, हौशी आणि व्यावसायिक. माझी जुनी विद्यार्थिनी नसरीन ब्लाउज शिवून घर चालवते, पण तिचा प्रोग्राम माझ्यापेक्षा सरस आहे. आम्ही दोघंही हौशी गटात होतो. सकाळी मीच पंचांच्या कानावर घातलं, की या प्रोग्रामबद्दल एका शाळेनं तिला साडी दिली आहे. मोबदला घेतला तो व्यावसायिक, असा नियमच आहे. पंचांनी तिला लगेच व्यावसायिक गटात टाकलं.

साडी! ती नको म्हणत होती, मीच घ्यायला लावली होती.

"सर, तुम्हीच तं म्हटलं होतं, घे म्हणून."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिल्याच डावात पुण्याच्या एका कंपनीच्या प्रोग्रामनं तिला चिरडलं. मी हौशी गटात पहिला आलो. लाज वाटायला हवी होती का? नाही वाटली. फक्त ती साडी आठवत राहिली, साधी, निळी.

निघताना तिनं अगदी मनापासून विचारलं, "सर, आता मी व्यावसायिक झाली, तर मले कुठं नोकरी भेटन का?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी.