पायी ओलांडणारे

सोमवार, ३ मार्च

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. रोजनिशी लिहिण्याची हौस मला दर नोकरीच्या सुरुवातीला येते आणि पंधरा दिवसांत विझते. या वेळी बघू काय होतं ते.

खोली पहिल्या मजल्यावर आहे. खाली घरमालकीण काकू आणि त्यांची सून अशा दोघीच राहतात. मुलगा बोटीवर नोकरीला असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. खिडकी उघडली की समोर सहा पदरी महामार्ग. अलीकडे जुनं गाव आणि पलीकडे नवी वसाहत. उंच इमारती, दवाखाना, दुकानं, आमचं ऑफिस, सगळं पलीकडेच. चार वर्षांपूर्वी तिथे नुसतं गवत होतं म्हणे. काकू पलीकडच्या एका दुकानात पडदे शिवतात. नवीन इमारत उभी राहिली की लोक मजले मोजतात आणि मी खिडक्या मोजते, असं त्या म्हणाल्या. माझं सामान लावून होईपर्यंत त्यांनी न विचारताच माझ्या खिडकीचं माप घेतलं. मला पिवळा पडदा हवा होता. त्यांनी सांगितलं की महामार्गाच्या धुळीत पिवळा आठ दिवसांत मातकट होतो, तेव्हा आधीच मातकट घे, म्हणजे वाईट वाटायला नको. मला ही बाई फार आवडली.

बुधवार, ५ मार्च

काम कळलं. महामार्ग आता आठ पदरी होणार आहे, त्याआधीची ही पाहणी. गाड्या कॅमेरा मोजतो. माणसं मोजायला मात्र माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी. पदाचं नाव गणक. मधल्या दुभाजकाला लोकांनीच एक फट पाडून ठेवली आहे, तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. सात दिवस, सकाळी सात ते दहा आणि दुपारी चार ते सात. जो कोणी पायी रस्ता ओलांडेल त्याची तक्त्यावर एक रेघ. रेघा पुरेशा भरल्या तर आराखड्यात पादचारी पूल राहील, नाहीतर तो वगळतील.

आज चारशे बारा. गंमत म्हणजे दोन तासांत माणसं ओळखीची वाटायला लागतात. एक कुलूपवाले आजोबा आहेत, पलीकडे त्यांची कुलपं दुरुस्त करायची टपरी आहे, ते मिटलेली छत्री उलटी धरतात आणि मुठीने गाड्यांना थांबायची खूण करतात. गाड्या थांबत नाहीत, पण आजोबांचा रुबाब बघण्यासारखा. दोघी बहिणी आहेत, हातात सारखे डबे, मधल्या फटीपर्यंत भांडत येतात आणि तिथून हात धरून पळतात. काकूही दिसल्या. मला बघून त्या फटीतून मुद्दाम दोनदा आल्या-गेल्या आणि पलीकडे जाऊन ओरडल्या की तीन रेघा मार.

मी स्वतः मात्र रस्ता ओलांडत नाही. ऑफिसची जीप मला घेऊन लांबच्या उड्डाणपुलावरून फिरून येते. समोर दिसणाऱ्या ऑफिसला जायला सहा किलोमीटरचा द्राविडी प्राणायाम.

शनिवार, ८ मार्च

ऊन मी म्हणतंय. बुधवार-गुरुवार मी इमानदारीत मोजलं. शुक्रवारी ऑफिसातले जुने गणक आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी माझी खुर्ची उचलून जीपमध्ये टाकली आणि समजावलं की दोन दिवस मोजायचं आणि पुढचे पाच दिवस अंदाजपंचे दाहोदरसे भरायचे. त्यांनी बावीस वर्षं असंच केलं, म्हणे. माणसं काय, कालची तीच आज असतात.

त्यामुळे काल आणि आज मी काकूंच्या दुकानात पंख्याखाली बसले. काकू शिवत होत्या, मी पडद्यांना कड्या लावत होते. तिथून रस्ता दिसत नाही. मोजणी नाही का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं की आज कॅमेरा मोजतोय. तोंडातून सहज निघून गेलं.

मंगळवार, ११ मार्च

आज मुदत संपली. माहिती टॅबवर भरायची असते. ‘पायी ओलांडणारे’ या रकान्यात काही भरल्याशिवाय तो पुढचं पान उघडत नाही. एकूण पानं किती आहेत ते बघावं, म्हणून मी सगळ्या चौकोनांत शून्य टाकत गेले. नंतर सावकाश खरे दोन दिवस आणि खोटे पाच दिवस भरणार होते. शेवटच्या पानावर एकच बटण होतं. मी ते दाबलं. माहिती पोचली, असं आलं.

मामांना विचारलं. दुरुस्ती होते, पण सातही दिवसांचे सहीचे तक्ते जोडावे लागतात. माझ्याकडे दोनच आहेत. नवीन माणूस तीन महिन्यांनी कायम होतो, तोवर तोंड उघडू नकोस, कोणी ते रकाने बघत नाही, असं ते म्हणाले. मला बरंच वाटलं. ते बरं वाटणंच आता डोळ्यांसमोरून जात नाही.

गुरुवार, २० मार्च

बघतात. रकाने बघतात.

पूल वगळला. पादचारी शून्य, सबब गरज नाही, एवढी एक ओळ.

बातमी संध्याकाळी घरी माझ्याआधी पोचली होती. काकूंनी दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्याकडची मुलगी मोजतेय, पूल होणारच. त्यांना दोन्ही गुडघ्यांचा त्रास आहे, फटीत पाय उचलताना हाताने धरावा लागतो, हे मला माहीत आहे. मी ते रोज बघितलंय. त्यांनी मला काही विचारलं नाही. उलट माझीच समजूत घातली, की तू मेली उन्हात बसलीस आणि वरच्यांनी मातेरं केलं. सुनेने माझ्या पानात आणखी भाजी वाढली.

मी वरच्यांना दोन शिव्या दिल्या आणि जेवले. लाज वाटत होती, तरी पोटभर जेवले.

मंगळवार, २५ मार्च

आज सकाळी खिडकीत उभी होते. कुलूपवाले आजोबा छत्री उलटी धरून निघाले. फटीतून पलीकडे उतरले. मध्ये एक ट्रक गेला. ट्रक पुढे गेल्यावर रस्ता रिकामा होता.

ब्रेक लागले नाहीत. कोणी ओरडलं नाही. रस्त्यावर काही पडलेलं नव्हतं. मागून येणाऱ्या बाई पदर खोचून पलीकडे गेल्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

दुपारी जीपमधून उतरून आजोबांच्या टपरीकडे गेले. तिथे वीजमंडळाची पेटी आहे, गंजलेली, बऱ्याच वर्षांची. पडदेवाल्या दुकानदाराला विचारलं. तिथे टपरी कधीच नव्हती म्हणाला. मी काकूंना विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

गुरुवार, २७ मार्च

बहिणींपैकी थोरली पुढे धावली. धाकटी फटीत थांबली, एक गाडी जाऊ दिली, मग पलीकडे गेली. एकटीच. तिच्या हातात दोन डबे होते.

मी जीपने फिरून पलीकडे गेले आणि तिला बसथांब्यावर गाठलं. बहीण कुठे आहे असं विचारलं. ती म्हणाली की ती एकुलती एक आहे. मग बराच वेळ त्या दोन डब्यांकडे बघत राहिली. म्हणाली की आज भूक जास्त असेल, म्हणून घेतले असतील.

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की तुझी बहीण होती, मी तिच्यासाठी रेघ मारली होती, आणि नंतर मीच तिचं शून्य केलं?

सोमवार, ३१ मार्च

खिडकीतून मोजलं. चारशे बारा होते. आज नव्वद. त्यातले पलीकडे पोचले एकसष्ट.

गावात कोणाला काही वाटत नाही. कोणाचं कोणी गेलेलंच नाही. मी जे लिहून दिलं तेवढंच खरं होत चाललंय, रोज थोडं थोडं.

काकू अजून पोचतात. रोज संध्याकाळी त्यांची चप्पल वाजली की माझा जीव भांड्यात पडतो. उद्या सांगते. उद्या काकूंना सगळं सांगते.

मंगळवार, १ एप्रिल

सांगितलं नाही.

सकाळी त्या जिन्याखालून हाक मारत होत्या. माझा मातकट पडदा शिवून झाला होता, शेवटची शिलाई दुकानातल्या मोठ्या मशिनवर मारून आणते म्हणाल्या. त्यांना नुसतं आज जाऊ नका म्हणायचं होतं. पण त्यांनी का असं विचारलं असतं. आणि मग त्या पंख्याखालच्या दुपारी, कॅमेरा मोजतोय ही थाप, ते शून्य, सगळं बोलावं लागलं असतं. त्या माझ्याकडे कशा बघतील ते मला दिसत होतं.

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज असला की हाक ऐकू आली नाही असं म्हणता येतं. खालचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत नळ चालू ठेवला. मग खिडकीशी गेले.

त्यांनी हाताने पाय उचलून फटीत ठेवला. दुसरा उचलला. एक बस गेली.

बस गेली आणि

बुधवार, २ एप्रिल

खाली शिवणयंत्र आहे. सून म्हणते घर घेतलं तेव्हापासून पडून आहे, भंगारवाला येईल तेव्हा देऊ. मी काकू म्हटलं. तिने विचारलं, कोणाच्या काकू? सासूबद्दल विचारलं तर म्हणाली की नवऱ्याला मावशीने वाढवलं, हिच्या लग्नात सासू नव्हतीच.

संध्याकाळी ती वर आली. तुमचा चष्मा खाली राहिला होता, म्हणाली. काकूंचा चष्मा. एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला.

मी चष्मा लावत नाही.

मी हो म्हटलं. माझाच आहे म्हटलं. आणि घेतला.

गुरुवार, ३ एप्रिल

ऑफिसच्या साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. दोन तक्ते टेबलावर ठेवले. पाच दिवस मोजलं नाही म्हटलं, शून्य मी टाकलं म्हटलं. रडले. मामा दारापर्यंत आले आणि परत फिरले.

साहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कालचं कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. रस्ता, गाड्या, फट. माणूस एकही नाही. म्हणाले की तुझं शून्य बरोबर आहे, उगीच मनाला लावून घेतेस. इतकी अचूक मोजणी बऱ्याच दिवसांत कोणी केली नाही. मला मुदतीआधीच कायम करताहेत. पत्र तयार होतं.

मी पत्र घेतलं नाही. एवढं एकच बरं केलं.

शुक्रवार, ४ एप्रिल

सुनेला पडद्यांच्या दुकानात काम मिळालं. दुकानदार म्हणे कधीचा शिवणारी बाई शोधतोय. सोमवारपासून जाणार. पायी.

तिला सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं, काकूंसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सरबत करून दिलं. म्हणाली की बसने तासभर लागतो, रस्ता तर समोरच आहे. मग म्हणाली की खोली दुसरी बघितलीत तर बरं होईल.

पुन्हा साहेबांकडे. पाया पडले. ते अवघडले. अखेर म्हणाले, उद्या चार वाजता मी स्वतः पलीकडे उभा राहतो. एक जरी माणूस पायी आला तरी स्वतःच्या हाताने लिहीन. एक जरी असला तरी फेरमोजणी लागते, नियमच आहे.

एक. एक माणूस पाहिजे. गावात विचारून आले. कोणीच ओलांडत नाही. कोणीच कधी ओलांडत नव्हतं.

मग मीच.

शनिवार, ५ एप्रिल

चार वाजले. वही बरोबर घेतली आहे. साहेब पलीकडे आले, जीपच्या बॉनेटवर तक्ता ठेवून उभे आहेत. मी हात केला. उन्हामुळे दिसलं नसेल.

पहिल्यांदाच ओलांडतेय. इतका रुंद असेल असं खुर्चीवरून वाटलं नव्हतं.

फटीपर्यंत पोचले. कठड्याला टेकून लिहितेय. काकू रोज हे— दुखऱ्या पायांनी—

इथून साहेबांचा चेहरा दिसतो. पंधरा-वीस पावलं असतील. मोठ्याने हाक मारली. दोनदा. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. माझ्यावरून नजर सरळ पुढे गेली.

मी आहे. ही मी इथे उभी आहे. माझं लिहा. सुनेसाठी तरी—

गाड्या थांबत नाहीत. आता उतरते.

साहेबांनी घड्याळ बघितलं. पेन काढलं. थांबा, अजून मी पोचले नाही, थांबा जरा— रकान्यावर पेन टेकवलं. रेघ असेल तर हात खाली यायला हवा. खाली येत नाहीये. हात गोल